हवा मोजणारा फुगा

१६ फेब्रुवारी १९६१ रोजी अमेरिकेने सोडलेला ‘एक्स्प्लोरर ९’ म्हणजे ॲल्युमिनियमच्या वर्खाचा आणि प्लास्टिकचा, ३.६६ मीटर व्यासाचा फुगा. तापमान आवरायला त्यावर पांढरे ठिपके रंगवलेले. त्याचा रेडिओ बंद पडला, तरी काम अडले नाही. दुर्बिणींतून कक्षा टिपली आणि ती किती झपाट्याने आकसते, यावरून वरच्या हवेची घनता काढली. कक्षा तर कुठल्याही उपग्रहाची आकसते, मग फुगाच कशाला? लांबट उपग्रह कोलांट्या खाताना हवेचा विरोध सतत बदलतो. गोल फुगा सगळीकडून सारखा, शिवाय हलका, म्हणून विरळ हवेचा विरोधही त्याला चटकन जाणवतो.

वरच्या हवेची घनता पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या वादळांमुळेही बदलते, म्हणून नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे काम इथे मोलाचे ठरते. तिच्या अलिबाग वेधशाळेत १९०४ पासून चुंबकीय वादळे नोंदली जातात. अशा वादळात वरची हवा तापून फुगते, उपग्रहांना अडवते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर सौम्य वादळानेही इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे जवळपास ४० उपग्रह खाली ओढले.