लांकडी जमिनीचें बिऱ्हाड

आर्णीच्या पंचक्रोशींत सागाचें लांकूड कोणास नवें नाहीं. यवतमाळ जिल्ह्याचीं रानें सागासाठीं प्रसिद्धच आहेत. संस्कृतांत ज्यास ‘शाक’ म्हणतात तोच हा वृक्ष. जुन्या वाड्यांतून तो तुळया व कडीपाट या रूपांनीं डोक्यावर असे. पायांखालीं मात्र सारवलेली भुई, पुढें शहाबादी फरशी. आतां मुलें-सुना नोकरीनिमित्त मोठ्या शहरीं किंवा परदेशीं जातात आणि लांकडी जमिनीचें बिऱ्हाड भाड्यानें घेण्याचा प्रसंग येतो. अशी जमीन शोभिवंत खरी. पण तिच्यावरील एका डागापायीं घर सोडतांना अनामत रकमेचा तंटा उभा राहूं शकतो. म्हणून दोन गोष्टी आधींच समजून घ्याव्या.

पहिली गोष्ट लांकडाची. अखंड फळ्यांची जमीन घासून पुन्हां नवी करतां येते. वर अस्सल लांकडाचा पातळ थर असेल, तर असें फार वेळां करतां येत नाहीं. लॅमिनेटवर लांकडाचें केवळ छापील चित्र असतें. तें घासलें कीं गेलेंच. सागांतही गाभ्याचें लांकूड वाळवीस सहसा दाद देत नाहीं, बाहेरचें फिकट लांकूड मात्र तिला बळी पडतें. दुरुस्तीचा खर्च या भेदावर ठरतो. यास्तव जमीन कोणत्या जातीची, हें मालकास विचारून करारांत लिहून घ्यावें.

दुसरी गोष्ट कायद्याची. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ प्रमाणें, उलट करार नसेल तर, भाडेकरूनें घर घेतलें त्या स्थितींत परत करावयाचें असतें. वाजवी वापरानें झालेली झीज मात्र त्याच्या माथीं येत नाहीं. चालून चालून चकाकी उतरणें ही झीज. पाण्यानें फळी फुगणें ही हानि. महाराष्ट्रांत १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानें करार लेखी व नोंदलेला असणें आवश्यक केलें असून नोंदणीची जबाबदारी मालकावर ठेवली आहे. परदेशीं अर्थातच तेथील कायदा पाहावा.

वडीलधारी मंडळी मुलाकडे राहावयास गेली, म्हणजे घरचे आचार बरोबर जातात. बादलीभर पाणी ओतून जमीन धुण्याची संवय तेथें सोडावी. घट्ट पिळलेल्या फडक्यानें पुसावें. समईखालीं ताम्हन ठेवावें, रांगोळी पाटावर काढावी, पाट-चौरंगांच्या पायांस जाड लोकरी कापड लावावें. कुटणें-वाटणें जमिनीवर करूं नये. खालच्या बिऱ्हाडास तो आवाज डोक्यावर घाव घातल्यासारखा वाटतो. यांत धर्म बुडत नाहीं, आणि सुनेस मालकाचे बोल ऐकावे लागत नाहींत.

शेवटीं, किल्ली हातीं घेण्यापूर्वीं मालकासह प्रत्येक खोली पाहावी. ओरखडे, डाग, हलणाऱ्या फळ्या यांची यादी करून दोघांनीं तारखेसह सही करावी; छायाचित्रेंही जोडावींत. अर्ध्या तासाचें हें काम पुढील कित्येक महिन्यांची कटुता वांचवितें.