आगीची घंटा आणि तिची परीक्षा

ता. ४ मे १९८८ च्या रात्रीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं फर्स्ट इंटरस्टेट बँकेच्या ६२ मजली इमारतींत बाराव्या मजल्यावर आग लागली. कचेऱ्या केव्हांच बंद झाल्या होत्या. रखवालदार, झाडलोट करणारे, उशिरापर्यंत बसलेले कांहीं नोकर आणि पाण्याचे फवारे बसविणारे कारागीर एवढींच माणसें आंत होतीं. साडेदहाच्या सुमारास कारागिरांस कांच फुटल्याचा आवाज आला, थोडा धूर दिसला, आणि हातानें द्यावयाची आगीची सूचना देण्यांत आली. घंटा वाजली, आणि कांहीं क्षणांतच थांबली. पहाऱ्यावरील माणसानें ती बंद केली होती. पुढें कांहीं मिनिटांनीं बाराव्या मजल्यावरील धूर ओळखणाऱ्या यंत्रांनीं इशारा दिला. तोहि पुसून टाकण्यांत आला. मग वरच्या मजल्यांवरील यंत्रें बोलूं लागलीं, तेव्हां काय आहे तें पाहून येण्यासाठीं देखभाल खात्यांतील एक नोकर सामानाच्या लिफ्टनें वर गेला. बाराव्या मजल्यावर लिफ्टचें दार उघडलें तें थेट आगीच्या तोंडीं. तो मनुष्य परत आला नाहीं. अग्निशामक दलास पहिली खबर मिळाली ती इमारतींतून नव्हे, बाहेरून ज्वाळा पाहणाऱ्यांकडून! पांच मजले जळाले आणि सुमारें ३८० जवानांस साडेतीन तासांहून अधिक वेळ झुंजावें लागलें.

या हकीकतींत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, यंत्र बिघडलेलें नव्हतें. त्यानें आपलें काम चोख केलें. त्यावर विश्वास मात्र कोणी ठेवला नाहीं. घरांत काम चालूं आहे, तेव्हां घंटा उगीच वाजली असेल, असें वाटणें हा मनुष्यस्वभाव आहे. जी घंटा महिन्यांतून चार वेळां विनाकारण वाजते, ती पांचव्या वेळीं खरी असली तरी खोटीच ठरते. म्हणून आगीच्या घंटेची निगा राखणें याचा अर्थ ती वाजती ठेवणें एवढाच नाहीं. ती उगीच वाजणार नाहीं असें करणें हाहि त्या निगेचा निम्मा भाग आहे, आणि बहुधा दुर्लक्ष होतें तें याच भागाकडे.

उगीच कां वाजते, हें समजण्यासाठीं छतावरील त्या पांढऱ्या वाटीच्या आंत काय असतें तें पाहिलें पाहिजे. तिला सर्वत्र डिटेक्टर असेंच म्हणतात. नेहमींच्या प्रकारांत एक काळोखी कोठडी असते. तींत एक लहानसा दिवा आणि प्रकाश टिपणारा एक कण असे बसविलेले असतात कीं, दिव्याचा किरण त्या कणावर सरळ पडूं नये. धूर आंत शिरला म्हणजे किरण धुराच्या कणांवर आपटून इकडेतिकडे विखुरतो, त्याचा कांहीं भाग त्या कणावर पडतो, आणि इशारा होतो. परंतु किरण विखुरण्याचें काम धूरच करतो असें नाहीं. सुतारकामाची भुकटी, भिंत घासतांना उडणारी धूळ, पावसाळ्यांतील दमट वाफ, झुरळें मारण्यासाठीं सोडलेली फवारणी, पूजेच्या दिवशींचा धूप, इतकेंच काय, कोठडींत शिरलेली एखादी मुंगी किंवा कोळी, हीं सर्व यंत्राच्या दृष्टीनें धूरच होत. तेव्हां डिटेक्टर नियमानें झाडणें व स्वच्छ करणें हें दिसावयास क्षुल्लक, पण सर्वांत मोलाचें काम आहे. जेथें स्वयंपाक होतो तेथें धूर ओळखणारें यंत्र न लावतां उष्णता ओळखणारें लावतात. तें ठराविक तपमान गांठल्यावर, किंवा तपमान एकाएकीं वाढूं लागल्यास, बोलतें.

धुळीवर लोकांनीं काढलेला उपाय कित्येकदां रोगाहून भयंकर असतो. रंगकाम सुरू झालें कीं डिटेक्टरवर प्लास्टिकची टोपी चढवितात किंवा चिकटपट्टी लावतात. हें योग्यच आहे. पण रंगारी जातात आणि टोप्या तशाच राहतात. पॅनेलवर हिरवा दिवा जळत असतो, कारण तारा शाबूत आहेत. यंत्राचें नाक बंद आहे हें पॅनेलला कळत नाहीं.

येथेंच परीक्षेचा मुद्दा येतो. तारेंतून सतत अल्पसा विद्युत्प्रवाह वाहत असतो, आणि जुन्या पद्धतीच्या जोडणींत तारेच्या शेवटीं एक रोधक बसविलेला असतो. तार तुटली कीं प्रवाह थांबतो आणि पॅनेल बिघाडाचा दिवा लावतें. तेव्हां तारांची परीक्षा यंत्र स्वतःच अहोरात्र घेत असतें. धूर आंत जातो कीं नाहीं, ही परीक्षा मात्र माणसानेंच घ्यावयाची. कांहीं डिटेक्टर लोहचुंबक जवळ नेला तरी इशारा देतात, आणि घाईंतले तंत्रज्ञ तेवढ्यावर काम उरकतात. चुंबकानें विजेच्या भागाची खात्री पटते. कोठडीचीं छिद्रें रंगानें बुजलीं असतील तर तें त्यांत उघडकीस येत नाहीं. खरी परीक्षा म्हणजे लांब काठीच्या टोंकास पेला लावून त्यांतून परीक्षेचा कृत्रिम धूर सोडणें. उष्णतेच्या यंत्रास गरम वाऱ्याचा झोत देतात.

बॅटरीची गोष्ट याहून फसवी. आगींत वीज जाण्याचा संभव फार, म्हणून पॅनेलच्या पोटांत बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकास एक जोडून ठेवलेल्या असतात. सर्व शांत असतांना मीटर लावावा तर आंकडा उत्तम दिसतो; भोंगे वाजूं लागले कीं जीर्ण बॅटरी दम सोडते. विजेचा पुरवठा तोडून, भोंगे वाजवून मगच तिची पारख करावी. कोंदट उष्ण खोलींत ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, हें मुंबईकरांस निराळें सांगणें नको.

ब्रिटनमध्यें अशी वहिवाट आहे कीं दर आठवड्यास, कचेरीच्या वेळांत आणि शक्यतों ठरलेल्या तासाला, हातानें सूचना देण्याच्या पेट्यांपैकीं एक वाजवून पाहावी, आणि प्रत्येक आठवड्यास निराळी घ्यावी. चाळीस पेट्या असल्या तर चाळीस आठवड्यांत सर्वांची पाळी येते. यांत दुहेरी लाभ आहे: पेटी तपासली जाते, आणि नोकरवर्गाच्या कानांस तो आवाज ओळखीचा होतो. आवाज सामान्यतः निदान ६५ डेसिबल असावा असा तेथील संकेत आहे. कचेरीची मांडणी बदलून नव्या कांचेच्या खोल्या उभारल्या कीं हा हिशेब चुकतो. भोंगा बाहेर राहतो आणि दार लावून बसलेल्या मॅनेजरास कांहींच ऐकूं येत नाहीं. तेव्हां प्रत्येक खोलींत दार लावून ऐकून पाहणें हाच मार्ग.

घंटेबरोबर आणखी कांहीं घडावयाचें असतें. लिफ्ट आपोआप तळमजल्यावर येऊन उघड्या राहाव्यात, हवा खेळविणारे पंखे थांबावेत, कुलुपबंद दारें सुटावींत. परीक्षेच्या दिवशीं घंटा वाजली कीं सर्वांचें समाधान होतें. लिफ्ट खालीं आली काय, हें पाहण्यास कोणी जात नाहीं. लॉस एंजेलिसच्या त्या नोकराची आठवण ठेवली तर हा भाग कोणी वगळणार नाहीं.

महाराष्ट्रांत २००६ च्या आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमान्वयें इमारतीच्या मालकानें किंवा भोगवटादारानें दर सहा महिन्यांनीं, जानेवारींत व जुलैंत, परवानाधारक संस्थेचें प्रमाणपत्र सादर करावयाचें असतें. 'नमुना ब' या नांवानें तें ओळखलें जातें. कायदा चांगला आहे. परंतु प्रमाणपत्र हें त्या दिवसापुरतें खरें असतें. तंत्रज्ञ निघून गेल्यावर दुसऱ्याच दिवशीं सुतार येऊं शकतो. मधल्या सहा महिन्यांचा साक्षी म्हणजे पॅनेलशेजारची नोंदवही. प्रत्येक खोट्या घंटेची वेळ, जागा आणि कारण तींत लिहिलें गेलें तर तोच तोच डिटेक्टर पुन्हां पुन्हां कां वाजतो, हें महिन्याभरांत उमगतें. बारा टोप्या चढविल्या, बारा काढल्या, अशी नोंदहि तींत असावी.

आणि परीक्षा नेहमीं दिवसां, इंजिनिअरसाहेबांच्या देखत होते. रात्रीं मात्र पॅनेलपुढें असतो तो गेल्याच आठवड्यांत नेमलेला पहारेकरी. त्याच्या पाळींत, रात्रीं अकरा वाजतां एक परीक्षा घ्यावी. बोलणारा डिटेक्टर कोणत्या मजल्यावरचा, हें त्यानें पॅनेलवर वाचून दाखवावें. घंटा बंद करण्याची कळ त्यास ठाऊक असतेच, १०१ हा अंक फिरविण्याआधीं त्याचा हात त्या कळीकडे जातो कीं काय, तें पाहावें.