राख, माती आणि ‘तू’ : राखेच्या बुधवारचा मृत्युबोध

कॅथलिक उपासनावर्षातील प्रायश्चित्तकाळाचा आरंभ ईस्टरपूर्वी ४६ दिवस येणाऱ्या राखेच्या बुधवारी होतो. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख सिद्ध केली जाते. जयघोषाचे चिन्हच पुढे मर्त्यतेचे चिन्ह होते.

राख लावताना उच्चारले जाणारे जुने सूत्र उत्पत्ती ग्रंथातील (३:१९) वचनावर आधारलेले आहे. मनुष्य मातीचा आहे व मातीतच परतणार आहे, हा त्याचा आशय. येथे शब्द मातीचे, तर द्रव्य राखेचे आहे. हिब्रूत ‘अफार’ (माती, धूळ) आणि ‘एफेर’ (राख) यांत ध्वनिसाम्य असून अब्राहामाच्या तोंडी (१८:२७) ते एकत्र येतात. मराठीत हे साम्य लोपते. मात्र अर्थाला वेगळे बळ मिळते. अंत्यविधीस जाण्याला ‘मातीला जाणे’ म्हणणाऱ्या भाषेत त्या सूत्राचा आशय परका राहत नाही. फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) आदामाच्या निर्मितीची कथा ओवीत आणली, तेव्हाच या आशयाला मराठी रूप लाभले होते.

मराठीत रूढ नाव ‘राखेचा बुधवार’ आहे, ही बाबही अर्थपूर्ण ठरते. शैव साधक भस्म स्वहस्ते व नित्य धारण करतो; ही राख वर्षातून एकदा, दुसऱ्याच्या हातून स्वीकारावी लागते. धर्मगुरूही ती राख स्वीकारतो.

विधीचा वैयक्तिक अर्थ मुख्यतः संबोधनात आहे. १९७० च्या रोमन मिस्सा-ग्रंथातील दोन सूत्रांपैकी पश्चात्तापाचे आवाहन (मार्क १:१५) लॅटिनमध्ये अनेकवचनी आहे, तर मृत्यूचे स्मरण एकवचनी. पश्चात्ताप समूहाने करता येतो. मरण ज्याचे त्यालाच आठवावे लागते. मराठीत वयोवृद्धास ‘तुम्ही’ वा ‘आपण’ म्हणण्याचा शिष्टाचार आहे. त्याच्या कपाळी राख लावताना उच्चारलेला ‘तू’ हा शिष्टाचार क्षणभर बाजूस सारतो. हा अनादर नव्हे. मृत्यूसमोरील समतेची ती व्याकरणिक खूण आहे.

करोनाकाळात, जानेवारी २०२१ च्या रोमच्या सूचनेनुसार सूत्र सर्वांना उद्देशून एकदाच म्हणून राख मूकपणे द्यावयाची होती. व्यापक मृत्युच्छायेच्या त्या वर्षीच व्यक्तिगत उच्चार थांबला आणि त्याचे मोल अधिक स्पष्ट झाले.

त्या दिवशीचे शुभवर्तमान (मत्तय ६) उपवासाचे प्रदर्शन टाळून तोंड धुण्यास सांगते. म्हणून कपाळावरील खूण पुसली जाणे हाही विधीच्या अर्थाचाच भाग होय : राख मिटते, आठवण उरते.