गुळाचा खडा आणि सोमवारचा घोडा

दत्तजयंतीच्या यात्रेला नातीला घेऊन सारंगखेड्याला गेलो होतो. दोंडाईच्याहून निघालं की तापीचा पूल ओलांडायच्या आतच घोड्यांचं खिंकाळणं ऐकू येतं, असं मी तिला उगाच सांगून ठेवलं होतं. ऐकू आले ते पिपाण्यांचे आवाज. पण पुढे घोड्यांच्या बाजारात शिरलो आणि चिऊची बोलतीच बंद झाली. पांढरीशुभ्र, तांबूस, काळीभोर, कान आत वळलेली मारवाडी जनावरं ओळीनं बांधलेली. एका घोडीजवळ बसलेल्या म्हाताऱ्याने चिऊच्या हातात गुळाचा खडा ठेवला. ती घोडीच्या तोंडाशी हात नेणार, तोच मी तिला थांबवलं.

"एकच खडा, आबा!"

"एका खड्यानं काही बिघडत नाही गं. पण आधी गोष्ट ऐक."

फार पूर्वी युरोपात ट्रॅक्टर नव्हते तेव्हा माल ओढायला हत्तीसारखे थोराड घोडे असायचे. सोमवार ते शनिवार राबायचे, रविवारी सुटी. मालक भला माणूस. सुटीच्या दिवशीही तोबरा तसाच भरून द्यायचा. सोमवारी घोडा जुंपला की थोड्याच वेळात घामानं निथळायचा, मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक व्हायचे, पाऊल उचलेना. मुतायचा तेही कोऱ्या चहाच्या रंगाचं. लोकांनी नावच पाडलं, सोमवारचा आजार.

"विश्रांती घेऊन आजारी?" चिऊला हे पटेना. शाळेतल्या बाई तर उलटंच सांगतात.

आपल्या घरी कणगीत दादर ज्वारी भरून ठेवतात ना, तसा स्नायूसुद्धा साखर साठवतो. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. चंदी खाल्ली की रक्तात साखर वाढते, इन्सुलिन हाक मारतं आणि स्नायूतला कोठीवाला भराभर साठा रचतो. कणगी भरली की तो थांबतो. काही घोड्यांचा कोठीवाला मात्र थांबतच नाही. इन्सुलिनची हाक आली की त्याला आणखी जोर चढतो. भरीला काही साठा असा वेडावाकडा रचला जातो की तो फुटता फुटत नाही. दुसरं जळण म्हणजे चरबी, पण इन्सुलिन वाढलेलं असलं की चरबीच्या कोठाराला कडी लागते. आता घोड्याला पळवा. घरात धान्य मावत नाही आणि चूल तर विझलेली! उपाशी स्नायूच्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं लाल द्रव्य मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. कोऱ्या चहाचं कोडं ते हेच.

1992 साली स्टेफनी व्हॅलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साठ्याच्या आजाराचं वर्णन केलं. 2008 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांना त्याचं मूळ सापडलं. घोड्याच्या सुमारे 270 कोटी अक्षरांच्या जनुकीय पोथीत एकच अक्षर चुकलेलं! आणि ही चूक हजार वर्षांहून जुनी. खाणं कमी आणि काम फार, अशा दिवसांत हाच जादा साठा घोड्याच्या कामी येत असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. मला तो पटतो.

हा दोष मुख्यतः युरोपातल्या थोराड जातींत आणि अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्समध्ये आढळला आहे. आपली मारवाडी घोडी आखडली की लगेच त्याच्या नावानं खडे फोडू नयेत. पण भरपूर चंदी, दावणीला बसून राहणं आणि मग एकदम काम, या तिन्हींची गाठ पडली तर कुठल्याही जातीचं जनावर आखडू शकतं. चातुर्मासात लग्नं नसतात, वरातीची घोडी दावणीलाच. तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू. धुळ्यात अशाच एका पहिल्या वरातीत घोडी भर रस्त्यात थबकलेली मी पाहिली आहे. नवरदेव वर, बँड जोरात, आणि मागून चार जण ढकलतायत. "काय व्हयनं रे भो?" एवढंच जो तो विचारत होता. अशा वेळी एक पाऊलही चालवायचं नसतं. जागीच उभं करून पाणी ठेवायचं आणि पशुवैद्याला बोलवायचं.

चिऊचा पुढचा प्रश्न रास्त होता. "मग अशा घोडीनं खायचं काय?"

सुकं गवत. वजनाच्या शेकडा दीड ते दोन, म्हणजे 400 किलोच्या घोडीला दिवसाला 6 ते 8 किलो. ज्वारी, बाजरी, गूळ बंद. गवत तासभर भिजवून पाणी ओतून दिलं तर त्यातलीही थोडी साखर निघून जाते. गवतावर अंग धरत नसेल तर तेल घालायचं, तेही दोन-चार चमच्यांपासून हळूहळू वाढवत, पशुवैद्याला विचारून. गंमत अशी, की घोड्याला पित्ताशयच नसतं. पित्त आतड्यात थेंबथेंब झिरपत राहतं, आणि सवय झाली की तेल त्याला छान पचतं. जाड घोडीला मात्र तेल नको. आणि रोज फेरफटका हवाच, मग रविवार असो की अमावस्या. निम्मं औषध चालण्यातच आहे.

"म्हणजे लाड करायचेच नाहीत?"

"खरारा कर की. मान खाजव."

म्हातारा हे सगळं कान देऊन ऐकत होता. "आमची रोज दोन कोस चालते, आबा," तो जरा ठसक्यातच म्हणाला. चिऊनं गुळाचा खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

तुम्ही कधी सारंगखेड्याला घोडी घ्यायला गेलात, तर रंग आणि भोवरे जरूर पाहा. पण भाव विचारण्याआधी विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: तोबऱ्यात काय असतं, आणि रोज किती चालते.