श्रेय सिलिकॉनचे की कणरचनेचे?

हाडातल्या खनिजाची प्रयोगशाळेतली सर्वांत जवळची नक्कल म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटची पांढरी भुकटी. पण हाडात कार्बोनेट, मॅग्नेशियम, सोडियम असे बरेच काही मिसळलेले असते. शुद्ध भुकटी भट्टीत भाजून रोपण केली, तर वर्षानुवर्षे जवळपास न विरघळता तशीच बसून राहते. तेव्हा तिच्यात मुद्दाम थोडी भेसळ करावी, हे ओघाने आलेच. १९९०च्या दशकात लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात विल्यम बॉनफील्ड यांच्या गटाने फॉस्फेटच्या काही जागी सिलिकेट बसवले. पुढे सुमारे ०.८ टक्के सिलिकॉन असलेले अस्थिपूरक बाजारातही आले. ते हाड भरून आणण्यात उपयोगी पडते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो श्रेयाचा, आणि ते सिलिकॉनच्या खात्यावर फार घाईने जमा झाले, असे माझे मत आहे.

भुकटी बनते कशी, ते पाहिले की शंका कुठून येते ते कळते. कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यातल्या मिश्रणात फॉस्फरिक आम्ल थेंबथेंब सोडतात, सिलिकॉनचे संयुग घालतात आणि अमोनियाने सामू १०च्या वर धरून ठेवतात. कॅल्शियमचे फॉस्फरस व सिलिकॉनच्या बेरजेशी प्रमाण १.६७ राहायला हवे. कॅल्शियम कमी पडले, तर भाजल्यावर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट निघते. जास्त झाले, तर मोकळा चुना उरतो, तो दमट हवेत फुगतो आणि भाजलेल्या वडीला तडे जातात. गंमत म्हणजे ताज्या भुकटीच्या क्ष-किरण आलेखात यातले काही दिसत नाही. कण इतके बारीक असतात, की शिखरे पसरट होऊन एकमेकांत मिसळतात. नमुना हजारएक अंशांवर भाजला, की चूक उघडी पडते. म्हणजे एक मूलद्रव्य घालताना प्रमाण, विद्राव्यता, कणांचा आकार हे सगळेच हलते. मग परिणाम नेमका कशाचा?

ताडाशी कोकुबो यांनी रूढ केलेल्या, रक्तद्रवासारखे क्षार असलेल्या ३६.५ अंशांच्या द्रावणात नमुना बुडवून पृष्ठभागावर अ‍ॅपेटाइटचा थर चढतो का, हे पाहणे सोपे आहे. पण ट्रायकॅल्शियम फॉस्फेटवर अनेकदा असा थर चढत नाही, तरी ते हाडाशी जुळते. मार्क बोनर यांनी २००९मध्ये याच परीक्षेवर बोट ठेवले आणि सुटलेले सिलिकॉनच हाड वाढवते, याला थेट पुरावा नाही, हेही दाखवून दिले. यावर कुणी म्हणेल, रुग्णाला कारणाशी काय देणेघेणे? रुग्णाला नसेल, कारखान्याला आहे. गुण सूक्ष्म छिद्रांचा असेल आणि तपासणी फक्त सिलिकॉनच्या टक्क्यांची होत असेल, तर निकामी घाणाही पास होईल. तुलना करायची, तर दोन्ही नमुन्यांत कण आणि छिद्रे सारखी हवीत. सिलिकॉनमुळे कणांची वाढ रोखली जाते; म्हणून शुद्ध नमुना मुद्दाम कमी तापमानाला भाजून त्याचे कण तेवढेच बारीक ठेवावे लागतील.