युरोच्या नोटांवरील अक्षरसंकेत आणि मुद्रणदेशाचा निर्णय

नोटांच्या संग्राहकांत एक वर्ग असा आहे की, ज्याला नोटेच्या मूल्यापेक्षा ती कोणत्या देशात छापली गेली याची जिज्ञासा अधिक. युरोपातील सामाईक चलनाने या छंदाला मोठाच वाव दिला. १ जानेवारी २००२ रोजी व्यवहारात आलेल्या युरोच्या नाण्यांची एक बाजू देशोदेशी निराळी आहे; नोटांचे चित्र मात्र सर्वत्र एकच. तेव्हा नोटेचा देश ओळखावयाचा तो केवळ एकदोन अक्षरांवरून. ही अक्षरे वाचावयाची कशी, हा प्रश्न वरवर पाहता संग्राहकाचा. परंतु चिन्ह आणि अर्थ यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या भाषाभ्यासकालाही त्यात घेण्याजोगे पुष्कळ आहे.

आपल्याकडील नाण्यांवर वर्षाच्या खाली शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असली की ते मुंबईच्या टांकसाळीचे आणि तारा असला की हैदराबादचे, हे बहुतेकांना ठाऊक असते. युरोच्या नोटेवरील आद्याक्षरही असेच वाचता येईल, अशी नवशिक्या संग्राहकाची समजूत असते. पहिल्या मालिकेपुरती तरी ती चुकीची आहे.

त्या मालिकेत नोटेच्या मागील बाजूस असलेला क्रमांक एक अक्षर व अकरा अंक यांचा असतो. ते अक्षर, नोट कोणत्या देशाच्या मध्यवर्ती बँकेने छापवून घेतली, एवढेच सांगते. अक्षरवाटपाची रीतही पाहण्याजोगी आहे. देशांची नावे त्या त्या देशाच्या भाषेतील रूपांनुसार लावून त्यांना रोमन वर्णमालेच्या शेवटापासून उलट अक्षरे दिली गेली : बेल्जियमला ‘झेड’, जर्मनीला ‘एक्स’, स्पेनला ‘व्ही’, फ्रान्सला ‘यू’, इटलीला ‘एस’. फिनलंड स्वभाषेत ‘सुओमी’ म्हणून तो पोर्तुगालच्याही मागे ‘एल’वर गेला. या क्रमात डेन्मार्क व ग्रीस यांची मात्र अदलाबदल दिसते. ‘वाय’ची आकृती ग्रीक लिपीत आहे आणि ‘डब्ल्यू’ची नाही, म्हणून तसे केले असावे, हा तर्क मला पटण्याजोगा वाटतो. डेन्मार्क, स्वीडन व ब्रिटन यांच्यासाठी राखलेली ‘डब्ल्यू’, ‘के’ व ‘जे’ ही अक्षरे त्या देशांनी युरो न स्वीकारल्यामुळे या जागी कधी उमटलीच नाहीत.

मुद्रणालयाची खूण निराळीच आहे, आणि ती शोधावी लागते. पाच युरोच्या नोटेवर चित्राच्या डाव्या कडेला, पन्नासच्या नोटेवर उजव्या कडेला, तर दहा व वीसच्या नोटांवर वर्तुळातील एका ताऱ्यापाशी अगदी बारीक अक्षरांत एक संकेत छापलेला असतो. त्याचे पहिले अक्षर मुद्रणालयाचे, पुढचे तीन अंक छपाईच्या पत्र्याचे, आणि शेवटचे अक्षर व अंक मिळून मोठ्या तावावरील त्या नोटेचे स्थान दर्शवितात. देशांची अक्षरे एका न्यायाने ठरली, मुद्रणालयांची दुसऱ्या. परिणामी एकाच कागदावर एकाच लिपीतील दोन स्वतंत्र संकेतव्यवस्था नांदू लागल्या. क्रमांकातील ‘एन’ म्हणजे ऑस्ट्रिया, बारीक संकेतातील ‘एन’ म्हणजे ग्रीसच्या बँकेचे मुद्रणालय. ‘टी’ हे अक्षर एकीकडे आयर्लंडचे, तर दुसरीकडे बेल्जियमचे. ‘एम’ पोर्तुगालचे आणि स्पेनचेही. ‘यू’ फ्रान्सचे आणि पोर्तुगालचेही. ‘जे’ची गंमत तर अशी की, एका व्यवस्थेत ते ब्रिटनसाठी राखलेले, तर दुसरीत इटलीच्या बँकेचे. चिन्हाला अर्थ प्राप्त होतो तो व्यवस्थेतील त्याच्या स्थानामुळे, हे फर्दिनां द सोस्यूर यांचे म्हणणे विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यास याहून सोयीचे उदाहरण मला आढळलेले नाही.

म्हणून या मालिकेत मुद्रणदेश ठरविताना दोन्ही अक्षरे वाचणे प्राप्त आहे. क्रमांकात ‘एस’ व संकेतात ‘जे’ असलेली नोट इटलीची आणि इटलीतच छापलेली. परंतु क्रमांकात ‘एच’ असलेली स्लोव्हेनियाची नोट स्लोव्हेनियात छापलेली असणे शक्यच नाही, कारण मुद्रणालयांच्या यादीत त्या देशाचे एकही मुद्रणालय नाही. याच्या उलट, युरो न स्वीकारलेल्या ब्रिटनमधील डी ला रू या कंपनीचा समावेश त्या यादीत आहे, आणि तिचे संकेताक्षरही ‘एच’च!

हा भेद केवळ संग्राहकाच्या वहीपुरता राहिला नाही. आर्थिक अस्वस्थतेच्या काळात, २००८ मध्ये, काही जर्मन नागरिक ‘एक्स’च्या नोटा जवळ ठेवून दक्षिणेकडील देशांच्या अक्षरांच्या नोटा टाळू लागल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या होत्या. उद्या चलनसंघ मोडला तर अक्षरावरून नोटेचा धनी ठरेल, अशी त्यामागील भीती. वस्तुतः अक्षराचा दायित्वाशी संबंध नाही. एकूण नोटांच्या मूल्यापैकी ८ टक्के युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या खाती आणि उरलेले ९२ टक्के राष्ट्रीय बँकांच्या खाती, भांडवलातील त्यांच्या वाट्याच्या प्रमाणात, मांडले जाते. कोणत्या अक्षराच्या किती नोटा फिरत आहेत हे त्या हिशेबात विचारातच घेतले जात नाही. शिवाय २००२ पासून कोणत्या बँकेने कोणत्या मूल्याच्या नोटा छापवून घ्यावयाच्या याची वाटणी झालेली असून, तयार नोटा देशोदेशी पाठविल्या जातात. उत्पादनाची नोंद ठेवण्यासाठी योजलेल्या खुणेवर लोकांनी स्वामित्वाचा अर्थ लादला, इतकेच.

२०१३ मध्ये पाच युरोच्या नोटेपासून सुरू झालेल्या आणि २०१९ मध्ये शंभर व दोनशेच्या नोटांनी पूर्ण झालेल्या ‘युरोपा’ मालिकेत ही व्यवस्था पालटली. आता क्रमांकात दोन अक्षरे व दहा अंक असतात, आणि पहिले अक्षर थेट मुद्रणालयाचे असते. बारीक संकेताचे आद्याक्षरही तेच. येथे संग्राहकाचे काम सुलभ झाले खरे. पण एक सापळाही निर्माण झाला. ‘एस’, ‘यू’, ‘झेड’, ‘एन’ इत्यादी अक्षरे पूर्वीच्याच देशांतील मुद्रणालयांना दिली गेल्यामुळे रूप तेच, देशही तोच, अर्थ मात्र बदललेला : पूर्वी ‘छापवून घेणारा’, आता ‘छापणारा’. असे अर्थांतर ध्यानात येणे कठीण असते. ते उघडे पडते ते अन्य अक्षरांमुळे. जर्मनीचे ‘एक्स’ आता म्युनिकच्या मुद्रणालयापुरते राहिले आहे. लाइपत्सिगला ‘डब्ल्यू’ आणि बर्लिनला ‘आर’ मिळाले आहे. पूर्वी क्रमांकातील ‘डी’ एस्टोनियाचे होते, ते आता पोलंडमधील मुद्रणालयाचे आहे, आणि पोलंडने तर युरो स्वीकारलेलाच नाही. ‘जे’ अखेर ब्रिटनकडे गेले, पण देश म्हणून नव्हे; गेट्सहेड येथील मुद्रणालयाचे अक्षर म्हणून.

क्रमांक उतरवून घेताना एक पडताळा उपयोगी पडतो. अक्षराऐवजी त्याचा वर्णमालेतील अनुक्रमांक धरून सर्व अंकांची बेरीज करावी व तिला ९ने भागावे. पहिल्या मालिकेत बाकी ८ आणि दुसरीत, दोन्ही अक्षरे धरून, ७ उरली पाहिजे. मात्र शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तर हा पडताळा मुका राहतो, आणि लेखनिकांचा नेहमीचा प्रमाद नेमका तोच असतो.

संग्रहाच्या नोंदवहीत पहिल्या मालिकेसाठी क्रमांकाचे अक्षर, मुद्रणालयाचे अक्षर आणि स्वाक्षरी (ड्यूसेनबर्ख, त्रिशे अथवा द्रागी) असे तीन रकाने ठेवावेत, आणि ‘देश’ हा एकच रकाना ठेवण्याचा मोह टाळावा. पाचशे युरोची नोट दुसऱ्या मालिकेत काढलीच गेली नाही, म्हणून तिच्याबाबतीत जुनी दुहेरी वाचनपद्धतीच लागू राहते.