यंत्राचा जुळा भाऊ

सायकल स्टँडवर लावा. पुठ्ठ्याचा एक तुकडा मागच्या चाकाजवळ असा बांधा, की त्याचे टोक स्पोकना लागेल. आता चाक फिरवा. टर्रर्र आवाज येतो ना? चाकाला ३६ स्पोक असले आणि ते सेकंदाला एक फेरा घेत असले, तर पुठ्ठ्यावर सेकंदाला ३६ टिचक्या बसतात. म्हणजे टिचक्या मोजल्या, की चाक न पाहताही त्याचा वेग सांगता येईल. याच तत्त्वावर पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत आज यंत्रांची प्रकृती तपासता येते.

ती कशी? फिरणाऱ्या यंत्रांत बेअरिंग असते. १९६०च्या दशकात एसकेएफ कंपनीचा बेअरिंगचा कारखाना चिंचवडलाच उभा राहिला. बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कड्या व त्यांच्यामध्ये घरंगळणाऱ्या गोळ्या. समजा, एका विजेच्या मोटरच्या बेअरिंगमध्ये ८ गोळ्या आहेत आणि मोटर मिनिटाला १५००, म्हणजे सेकंदाला २५ फेरे घेते. बाहेरच्या स्थिर कडीवर बारीकशी भेग पडली, तर तिच्यावरून जाणारी प्रत्येक गोळी ठोका देते. असे सेकंदाला सुमारे ८० ठोके पडतात. भेग आतल्या, फिरणाऱ्या कडीवर असेल, तर ते सुमारे १२० होतात. पाहा, यंत्र न उघडताच दुखणे कोठे आहे ते कळले!

अनुभवी फिटर हे काम कानाने करतो. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक यंत्रावर टेकवून मूठ कानाला लावतो. पण तो एका वेळी एकच यंत्र ऐकणार, तेही पाळी संपेपर्यंत. म्हणून आता यंत्रावर लहानसा संवेदक बसवतात. तो कंपने व तापमान मोजून ते आकडे इंटरनेटवरून अहोरात्र संगणकाकडे धाडतो.

संगणकात त्या यंत्राचा जुळा भाऊ असतो. तो लोखंडाचा नव्हे, गणिताचा! त्याला डिजिटल ट्विन म्हणतात. अमुक वेगाला, अमुक भाराला कंपन किती हवे, हे तो सांगतो. खऱ्या यंत्राचे आकडे त्याहून वेगळे येऊ लागले, की धोक्याची सूचना मिळते.

या कल्पनेचे मूळ अवकाशप्रवासात सापडते. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ यानातील प्राणवायूची टाकी फुटली. तेव्हा जमिनीवरील नकली यानांत उपाय करून पाहिले गेले आणि मग ते अंतराळवीरांना कळवण्यात आले.

चाकणचे मोटार कारखाने सुट्या भागांचा फार साठा ठेवत नाहीत. भोसरीच्या एखाद्या शेडमधील प्रेस अचानक बंद पडला, तर पुढचे सारे काम खोळंबू शकते. अशा वेळी ‘वेग थोडा कमी केला, तर हे बेअरिंग गुरुवारच्या सुट्टीपर्यंत टिकेल काय?’ असे जुळ्या भावाला विचारता येते. प्रयोग त्याच्यावर होतो; खऱ्या यंत्राला धक्का लागत नाही.

मात्र जुळ्याला सांगावे तेवढेच कळते. संवेदकाचा स्क्रू सैल राहिला, तर त्याची थरथर तो यंत्राचेच दुखणे समजेल. म्हणून यंत्रापाशी जाऊन खरे काय ते पाहणारा फिटर हवाच.

आता एक प्रश्न तुम्हांला. वरची मोटर मिनिटाला ७५० फेरे घेऊ लागली, तर ८० ऐवजी किती ठोके पडतील?